वाटेवरची भिंत

विद्याधर टिपणिसाच्या देखरेखीखाली उठलेली भिंत कधी ओळंब्याबाहेर गेली नाही, असं ठेकेदाराच्या कचेरीत म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. माणूस बेचाळिशीचा, अंगानं काडी, डोक्यावर सोला टोपी. साइटवर सगळ्यांच्या आधी हजर आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर. सकाळी साडेसातला हजेरी घ्यायची; गवंडी कुठल्या भिंतीवर, सुतार कुठल्या चौकटीवर, बिगारी बायका कुणाच्या हाताखाली, ते नेमून द्यायचं; गोदामाचं कुलूप स्वतः उघडून सिमेंटची पोती काढून द्यायची, कारण त्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळे आणि एक पोतं फुटलं तरी जीव हळहळे. मग दिवसभर पायाला भिंगरी. विटा पुऱ्या भिजल्यात का, मालात वाळू जास्त पडली का, कालच्या भिंतीवर पाणी मारलं का. दोन विटा एकमेकींवर आपटून तो कान देऊन ऐके, आणि आवाज बद्द आला की अख्खा ट्रक आल्या वाटेनं परत. संध्याकाळी पाचला शेवटची फेरी, मग पत्र्याच्या चौकीत बसून दिवसाचा रिपोर्ट. पंधरा वर्षं हा क्रम मोडला नव्हता.

१९५७च्या डिसेंबरात तो मुलुंडच्या कामावर होता. मुलुंड त्याच वर्षी मुंबईच्या हद्दीत आलं होतं, पण तिथल्या मातीला अजून ते कळलं नव्हतं. स्टेशनाच्या पश्चिमेला डोंगरापर्यंत भाताची खाचरं आणि कमरेएवढं गवत. सरकारी कचेऱ्यांतल्या बारा कुटुंबांनी मिळून तिथे जमीन घेतली होती आणि दोन मजली इमारत बांधायला काढली होती. विद्याधर आणि त्याची बायको नीला स्टेशनाजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती, त्यामुळे साइट पायी दहा मिनिटांवर.

जोतं झालं, तळमजल्याच्या भिंती सुरू झाल्या. एका मंगळवारी संध्याकाळच्या फेरीला विद्याधर डोंगराकडच्या भिंतीपाशी आला आणि थबकला. तीन फूट उंच आलेल्या भिंतीत बरोबर मधोमध तीन फुटांची फट होती. नकाशात तिथे दार नव्हतं, खिडकीही नव्हती.

"काशीराम, हे काय?"

काशीराम त्याच्याकडचा सगळ्यात जुना गवंडी. थापी धुता धुता तो आला, फटीकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"दाराची जागा ना साहेब?"

"कुठलं दार? नकाशा बघितलास ना सकाळी?"

"बघितला." काशीराम डोकं खाजवत राहिला. "चुकलो साहेब. उद्या भरून घेतो."

गवंडी काम अर्धवट सोडतो तेव्हा भिंतीच्या कडेला एकाआड एक वीट बाहेर ठेवून दाते सोडतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुढचं काम त्यात गुंतवता येतं. इथे तसं नव्हतं. दोन्ही कडांना अर्ध्या विटा तोडून बसवल्या होत्या, कडा साफ, सरळ. चौकट आणून लावली असती तर केसभर फरक पडला नसता. चुकून इतकं नीटस काम होत नाही, असं विद्याधरला वाटलं. पण काशीराम खोटं बोलणारा नव्हता, म्हणून त्यानं विषय सोडला.

बुधवारी ती फट तशीच राहिली आणि भिंत फूटभर वर गेली. शिवाय मधल्या भिंतीत आणखी एक फट आली. ती भिंत गवंड्यांच्या दुसऱ्या जोडीकडे होती. गुरुवारी पुढची, स्टेशनाकडची भिंत आली. तिच्यावर दोन नवे गवंडी होते, सोमवारीच लागलेले. त्यांनीही तीन फूट सोडले. विद्याधर मागच्या फटीत उभा राहिला आणि त्यानं सरळ समोर बघितलं. तीन भिंतींतल्या तीन फटी एका दोरीत होत्या. त्यांच्यातून रुळांपलीकडची मिठागरं उन्हात चकाकताना दिसत होती.

भर दुपार होती. तरीही त्याच्या मानेवर गार वारा लागल्यासारखं झालं.

मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ती त्याच्या नजरेसमोर रोजच होती, पण त्यानं ती मनावर घेतली नव्हती. मालाची घमेली डोक्यावर घेऊन बिगारी बायका ओळीनं येत. फटींच्या त्या रेघेपाशी आल्या की प्रत्येक बाई अंग चोरून जराशी बाजूला होई, समोरून डोक्यावर भारा घेतलेलं कुणी आलं की आपण होतो तशी, आणि पुन्हा चालू लागे. बोलणं न थांबवता. त्यानं एकीला विचारलं, "बाजूला का झालीस गं?"

"कधी?" ती म्हणाली.

शुक्रवारी विद्याधरनं ठरवलं, आता डोळ्यांदेखत भरून घ्यायचं. मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर तो स्टूल टाकून बसला आणि काशीरामला कामाला लावलं. कडेच्या विटा एकाआड एक फोडून दाते पाडायचे, त्यात नव्या विटा गुंतवायच्या. आठला काम सुरू झालं. विद्याधर पाणी प्यायलाही उठला नाही. प्रत्येक वीट तो बघत होता. एक थर, दुसरा थर, थापीचा टक्‌टक् आवाज, मालाचा ओला वास.

"झालं साहेब," काशीराम म्हणाला.

विद्याधरनं घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. भिंत दोन्ही बाजूंना छातीएवढी झाली होती आणि मधे फट होती तशी होती. कडा साफ, सरळ.

"माझी थट्टा करतोस? माझ्या तोंडावर?" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पलीकडचे सुतार थांबले.

काशीरामनं थापी खाली ठेवली. "साहेब, तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"'थांब, त्यांना जाऊ दे,' म्हणालात. मी थांबलो. परत म्हणालात. तीनदा. मग म्हणालात, राहू दे ते मोकळं, किती खोळंबतील."

हाताखालच्या दोघी बायकांनी खाली बघत माना डोलावल्या.

विद्याधर आणखी ओरडणार होता. पण तापात ऐकलेलं बोलणं दोन दिवसांनी आठवावं तसं ते त्याला आठवलं. होय, तो म्हणाला होता. समोरून माणसं येताना दिसली की आपण ज्या सहज आवाजात बोलतो, त्या आवाजात म्हणाला होता. त्यानं खाली बघितलं. मातीत स्टुलाच्या पायांचे ओढल्याचे चार चरे होते. स्टूल भिंतीपासून तीन हात मागे आलं होतं. कोण माणसं, कशी, काही आठवेना. फक्त ती फार दमलेली होती, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं.

तो चौकीत गेला आणि त्यानं रिपोर्टाची वही उघडली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही दिवसांच्या खाली त्याच्याच अक्षरात एक ओळ होती: 'भिंतीत वाट सोडली.' दार असा शब्द त्यानं लिहिला नव्हता. वाट लिहिलं होतं.

दुपारच्या सुट्टीत मुकादम धोंडू चौकीच्या दाराशी येऊन उकिडवा बसला. मालवणकडचा, मजूर जमवून आणणारा, कमी बोलणारा माणूस.

"सायबानू, रागावू नकात," तो म्हणाला. "हयसून वाट आसा. वाटेर भिंत घालूची नाय."

"कसली वाट? सगळं गवत होतं इथे. मोजणी मीच केली."

"गवताखाली आसा. ती म्हातारी येता ना मोळी घेवन, तिका इचारा."

म्हातारी विद्याधरच्या माहितीची होती. डोंगराच्या पायथ्याशी आठ-दहा झोपड्यांचा पाडा होता. तिथली जानकी रोज सकाळी लाकडाची मोळी घेऊन स्टेशनाच्या बाजाराकडे जाई. पाया खणायच्या दिवसांत ती सरळ साइटमधून जायची. चरात पडेल म्हणून त्यानं तिला बाहेरून जायला सांगितलं होतं, आणि ती काही न बोलता बाहेरून जाऊ लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला गाठलं. मोळी उतरवायला हात दिला, चौकीतल्या माठातलं पाणी दिलं. पंचावन्न-साठीची असेल, कातडी वाळलेली, डोळे मात्र तुकतुकीत. त्यानं विचारल्यावर ती जोत्याकडे बघत सांगू लागली.

"ही आमच्या पाड्याची वाट. मानमोडीच्या साली, चाळीसेक वरसं झाली, आमचा पाडा वर व्हता, डोंगरावर. ती साथ आली. आज ताप, परवा माणूस नाय. स्टेशनापाशी सरकारी डाक्तर बसलाय, औषध देतो, असं कुणी सांगितलं. माझा सासरा म्हणला, ज्याला पाय उचलतोय त्यानं चला. सकाळच्यापारी समदी उतरली. आठरा माणसं. सासू, सासरा, दीर, जावा, शेजारची, आणि आमचे हे. मला तापानं उठवना, मी ऱ्हायले."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं. मी मागनं आले. कुणी स्टेशनाला पोचलंच नव्हतं. हितं बसलेली. एकामागं एक, वाटेच्या कडंला. जरा दम खायला बसावं तशी. माझा सासरा फुडं, तिथं." तिनं बोट केलं. तिथे पुढच्या भिंतीतली फट होती.

विद्याधरनं फटीकडे बघितलं. "तुम्हाला दिसतात?"

"दिसायला कशाला पायजेत? सकाळच्यापारी येतात. अजून पोचायचंय ना त्यांना." मग ती त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाबा, मला तू सांगितलंस, मला समजलं, मी जाते वळसा घालून. त्यांना कोण सांगंल?"

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र गुप्ते काम बघायला आले. सज्जन, हसरा माणूस. सचिवालयात वरच्या हुद्द्यावर. फटी होत्या तो तळमजल्याचा ब्लॉक त्यांच्याच नावावर होता. विद्याधरनं तयारी करून ठेवली होती. त्यानं नकाशावर पेन्सिलीनं दोन ब्लॉकांच्या मधून एक बोळ काढून दाखवला.

"हवा खेळेल. शिवाय मागच्या बाजूला जायला सोय होईल."

"आणि माझी एक खोली जाईल," गुप्ते हसले. "खरं कारण सांगा टिपणीस. तुमचा चेहरा खोटं बोलायचा नाही."

विद्याधरनं खरं कारण सांगितलं. सांगताना त्याला आपलंच बोलणं परक्याचं वाटत होतं. गुप्ते नकाशा गुंडाळू लागले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला वेडं म्हणत नाही. पण बारा सभासदांपुढे मी काय सांगू? मेलेल्यांच्या सोयीसाठी एक खोली कमी केली? नकाशा मंजूर झालाय. पंधरा दिवसांत स्लॅब पडायला हवा. तुम्हाला जमत नसेल तर ठेकेदार दुसरा माणूस देईल. मला ते करायला लावू नका."

घरी आल्यावर विद्याधर जेवला नाही. पंधरा वर्षांत कुणी त्याला दुसरा माणूस देऊ असं म्हटलं नव्हतं. नीलानं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही 'अगंबाई' म्हणाली नाही.

"अहो, तुम्ही रस्ता खणता तेव्हा काय करता?"

"काय करतो म्हणजे?"

"दोरी बांधता, पाटी लावता, वळणाचा रस्ता म्हणून. करता ना? मग इथे का नाही केलंत? नुसती भिंत घालायला निघालात. जिवंत माणूससुद्धा त्या भिंतीवर येऊन आपटेल. आणि त्यांना तुमची पाटी वाचता यायची नाही. त्यांना ओळखीचं कुणीतरी सांगायला हवं."

सोमवारी हजेरी झाल्यावर विद्याधरनं सहा बिगारी बाजूला काढले. म्युनिसिपालिटीच्या नियमानं इमारतीच्या दक्षिणेला दहा फूट मोकळी जागा सोडलेलीच होती. तिथून, डोंगराकडच्या टोकापासून ते खाली स्टेशनाच्या रस्त्यापर्यंत, त्यानं दोरी धरून वाट आखली. गवत काढलं, मुरूम टाकला, धुम्मस मारून घट्ट केला, कडेनं चपटे दगड बसवले. वळणावर पाय मुरगळू नये म्हणून उतार धरला. दोन दिवस त्यानं त्या वाटेवर जितकं लक्ष दिलं तितकं एखाद्या स्लॅबवर दिलं नसेल. काशीरामनं का म्हणून विचारलं नाही. उलट न सांगता दोन रांजण आणून वाटेच्या कडेला पुरले आणि पाण्यानं भरले.

बुधवारी सकाळी जानकी आली. आज मोळी नव्हती. धुतलेलं लुगडं नेसली होती. जिथून जुनी वाट उतरायची तिथे, गवतात, ती डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. धोंडूनं काम थांबवलं होतं. सत्तर माणसं उभी होती, पण कुदळ ठेवल्याचासुद्धा आवाज झाला नाही.

तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. आधी सासऱ्याचं, मामंजी म्हणून, मग सासूचं, मग दिरांची, जावांची, शेजाऱ्यांची. एकेक नाव घ्यायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "हिकडनं. हिकडनं चला. भिंत हाय तिथं." मग वळली आणि नव्या वाटेनं हळूहळू चालू लागली. मागे बघितलं नाही.

विद्याधर वळणावर उभा होता. जानकी त्याच्यासमोरून गेली. त्यानंतर मुरमावर, नव्या घट्ट मुरमावर, बारीक करकर ऐकू आली. एकाची नव्हे, पुष्कळांची. वारा नव्हता. रांजणांतलं पाणी हलत होतं, आणि काठापासून बोट-दोन बोटं खाली गेलं होतं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि नजर जमिनीवर ठेवली. वर बघायचा धीर त्याला झाला नाही.

त्या दुपारी काशीरामनं तिन्ही फटी भरल्या. विटेला वीट लागली. बिगारी बायका भराभरा सरळ चालत होत्या. संध्याकाळी विद्याधरनं रिपोर्ट लिहिला आणि लिहिलेलं दोनदा वाचून बघितलं. त्यात भलतं काही नव्हतं.

इमारत पुढच्या दिवाळीच्या सुमारास पुरी झाली. लोक राहायला आले. विद्याधर घाटकोपरच्या नव्या कामावर गेला. फेब्रुवारीत गुप्त्यांची चिठ्ठी आली: मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आहे, येऊन बघावं.

ओल म्हटलं की सुपरवायझरला जावंच लागतं. एका सकाळी घाटकोपरची हजेरी उरकून तो गेला. गुप्ते कचेरीत निघून गेले होते. त्यांची पत्नी सुगंधाबाई घरात होत्या. शांत, मितभाषी बाई. त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं.

भिंतीच्या मधोमध, जिथे ती फट होती तिथे, साडेपाच फुटांवर हातभर रुंद ओल होती. तिच्या दोन्ही अंगांना, जरा खाली, तळव्याएवढे दोन डाग. विद्याधरनं मागे जाऊन बघितलं. बाहेरून भिंत ठणठणीत कोरडी. त्या भिंतीत नळ नव्हता, वरच्या मजल्यावर मोरी नव्हती, पाऊस जाऊन चार महिने झाले होते. तो पुन्हा आत आला, त्यानं ओलीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ती गार नव्हती. ताप उतरताना घाम फुटलेलं कपाळ असावं तशी कोमट होती.

"सकाळी आठला येते," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत वाळते. ह्यांना वाटतं सिमेंटात खोट आहे. मला तसं वाटत नाही. कुणीतरी बाहेरून टेकून उभं असतं, टिपणीस. आत यायचं नसतं त्याला. वाट बघत असल्यासारखं वाटतं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. आता सकाळी इकडे आले की हळू बोलते, एवढंच."

त्यांना कुणी काहीही सांगितलेलं नव्हतं. गुप्त्यांनी ती गोष्ट घरात काढलीच नव्हती.

विद्याधर घरी आला तो पाय ओढत. काम चुकलं होतं, आणि कुठे चुकलं ते त्याला सापडत नव्हतं. वाट आखली, बांधली, म्हातारीनं सगळ्यांना हाका मारल्या. मग हा एकजण मागे कसा राहिला?

नीला भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले. "तिनं सगळ्यांची नावं घेतली?"

"सगळ्यांची. मी ऐकली ना."

"नवऱ्याचं?"

विद्याधर ती नावं पुन्हा आठवू लागला.

"मी घेते का तुमचं?" नीला म्हणाली. "पंधरा वर्षांत एकदा तरी घेतलं? मग ती कशी घेईल? ती पाड्यावरची असली तरी बाईच ना. 'आमचे हे' म्हणाली असेल मनात. त्याला काय कळणार, हाक कुणाला ते? बाकीची निघून गेली, तो राहिला उभा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून विद्याधर सकाळीच पाड्यावर गेला. जानकी झोपडीपुढे बसली होती. वर्षभरात पार वाकली होती. त्यानं भीत भीत विचारलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि तशीच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बोळा काढला नाही.

"नाव कसं घेऊ रे बाबा," ती शेवटी म्हणाली. "लग्नाला सा म्हयनं झालं व्हतं."

"तिकडे उभे आहेत ते. भिंतीला टेकून."

"ताप हाय त्यांच्या अंगात," जानकी म्हणाली आणि उठली.

विद्याधरनं तिला हाताला धरून पाड्यावरून खाली आणलं. इमारतीच्या मागे ते पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. सुगंधाबाई मागच्या खिडकीत उभ्या होत्या. जानकीला बघून त्या काही न विचारता बाहेर आल्या. जानकी भिंतीजवळ गेली. तिथे, कुणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर, तिनं हवेत हात नेला आणि तो भिंतीला न लागता थांबला.

"तू तिकडं तोंड कर," ती विद्याधरला म्हणाली. तो वळला.

मागे नाव घेतलं गेलं ते कुजबुजीपेक्षाही हळू. त्याला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला: "चला."

तो वळला तेव्हा जानकी नव्या वाटेला लागली होती. एरवी ती वाटेच्या मधून चालायची. आज अगदी कडेनं, दगडांवरून पाय टाकत चालली होती, आणि बाजूला पुरती एका माणसाची जागा सोडली होती. वळणावर ती एकदा हसल्यासारखी वाटली. म्हाताऱ्या बाईचं हसू नव्हतं ते.

आत भिंत वाळली होती. दुसऱ्या दिवशी आठला ओल आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही. गुप्त्यांनी ठेकेदाराला पत्र लिहून टिपणिसांच्या कामाची तारीफ केली. दुरुस्तीचा चुना चांगला बसला, असं त्यांनी आपल्या समजुतीनं लिहिलं होतं.

चैत्रात जानकी गेली. धोंडूनं घाटकोपरला येऊन सांगितलं, तेव्हा विद्याधर स्लॅबच्या सळ्या तपासत होता. तो तसाच निघाला. तिरडी पाड्यावरून खाडीकडच्या मसणवटीला जायची होती. इमारतीच्या बाजूनं, त्यानं बांधलेल्या वाटेवरून ती उतरली. पाड्यातले चौघे खांदेकरी होते, सगळेच हडकुळे, उपाशी दिसणारे. कंपाउंडच्या भिंतीपाशी सुगंधाबाई हात जोडून उभ्या होत्या.

वळणावर खांदा बदलायची पाळी आली, पण कुणी बदलला नाही. विद्याधर तिरडीशेजारून चालत होता; त्याच्या बाजूच्या खांदेकऱ्यानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता, आणि तो घाबरलेला होता.

"सायेब, डोंगरापासनं आमी चौघंच हाव," तो म्हणाला. "पण वजन लागत नाय खांद्याला. खाली आणखी खांदे असल्यागत वाटतं."

विद्याधरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चालत राहा," तो म्हणाला. "मागे बघू नकोस. त्यांना घेऊ दे."